शक्तीचा हिशेब आणि वैमानिकाची चूक



हेलिकॉप्टरला अपघात झाला म्हणजे चौकशी होते, आणि चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला म्हणजे लोकांच्या स्मरणात त्यातील बहुधा दोनच शब्द उरतात: ‘वैमानिकाची चूक’. हे शब्द खोटे असतात असे नाही. पुष्कळदा ते खरेच असतात. परंतु ते अपुरे असतात. चूक नेमकी कोणती, ती केव्हा झाली, ती होत असता वैमानिकाला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, यांपैकी कशाचाच उलगडा त्यांवरून होत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय अशा चुकांपैकी एका विशिष्ट वर्गापुरता मर्यादित आहे. हेलिकॉप्टरकडे जेवढी शक्ती आहे तिच्याहून अधिक शक्तीची मागणी त्याच्याकडे केली गेली, किंवा असलेली शक्ती फार उशिरा मागितली गेली, म्हणजे ज्या दुर्घटना घडतात, त्यांचा हा विचार आहे. या दुर्घटनांत एंजिन बंद पडलेले नसते. पाते तुटलेले नसते. यंत्र आपले काम शेवटच्या क्षणापर्यंत चोख करीत असते, आणि तरीही ते खाली येते. म्हणून या चुका समजून घेण्यासाठी प्रथम यंत्राची मर्यादा समजून घेतली पाहिजे.

हवेत उभे राहण्याची किंमत

विहिरीत पोहणाऱ्या मुलांकडे पाहिले तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. जो मुलगा हात मारीत पुढे जातो तो बराच वेळ न थकता पोहू शकतो. जो एकाच जागी उभ्याने पाणी तुडवीत राहतो तो मात्र लवकर दमतो. हेलिकॉप्टरची स्थिती काहीशी अशीच आहे. सामान्य विमानाला त्याचे पंख पुढे जाण्याच्या वेगामुळे उचलून धरतात. हेलिकॉप्टरला हवेत एकाच जागी स्थिर राहता येते, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य. परंतु त्यासाठी त्याच्या डोक्यावरील फिरत्या पात्यांना, म्हणजेच रोटरला, प्रत्येक क्षणी फार मोठ्या प्रमाणावर हवा खाली लोटावी लागते. पाहणाऱ्याला स्थिर हेलिकॉप्टर विश्रांती घेत आहेसे वाटते. वस्तुतः त्याच्या उड्डाणातील सर्वांत कष्टाच्या अवस्थांपैकी ती एक असते.

हेलिकॉप्टर पुढे सरकू लागले म्हणजे चित्र बदलते. ताशी सुमारे ३० ते ४५ किलोमीटर वेग आला की रोटरने नुकत्याच ढवळलेल्या हवेतून ते बाहेर पडते, पात्यांना अस्पर्शित हवा मिळू लागते, आणि तेवढ्याच शक्तीत अधिक उचल मिळते. वेग आणखी वाढेल तशी लागणारी शक्ती आणखी कमी होत जाते, आणि पुष्कळशा हेलिकॉप्टरांच्या बाबतीत ताशी १०० ते १२० किलोमीटरच्या आसपास ती सर्वांत कमी असते. त्यानंतर मात्र हवेचा विरोध वाढत गेल्याने मागणी पुन्हा चढू लागते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. जे हेलिकॉप्टर एखाद्या दरीवरून सहजपणे उडत जाते, तेच त्या दरीच्या माथ्यावर स्थिर उभे राहू शकेलच असे नाही. उडता येणे आणि थांबता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. आणि उतरण्यासाठी थांबता यावे लागते.

जमिनीजवळ आणखी एक सवलत मिळते. रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत, विशेषतः त्याच्या निम्म्या उंचीच्या आत, खाली लोटलेल्या हवेला जमिनीचा अडथळा होतो आणि त्यामुळे स्थिर राहण्यास कमी शक्ती पुरते. मात्र ही सवलत सपाट आणि टणक जमिनीवर पुरेपूर मिळते. उतारावर, उंच गवतावर किंवा झाडांच्या शेंड्यांवर ती घटते. आणि कड्याची धार ओलांडताच क्षणात नाहीशी होते. एखादे जड भरलेले हेलिकॉप्टर डोंगरावरील मोकळ्या जागेवरून दोन मीटर वर उठते, तेव्हा ते उडू शकते एवढेच सिद्ध झालेले नसते. ते केवळ जमिनीच्या आधाराने उभे असण्याचा संभव असतो. आधार सुटल्यावर काय होईल, याचे उत्तर त्या दोन मीटरांत मिळत नाही.

पातळ होत जाणारी हवा

शक्तीच्या हिशेबातील दुसरी बाब म्हणजे हवेची घनता. समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार मीटर उंचीच्या थोडे वर गेले की हवेचा दाब निम्मा होतो. साडेतीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे सत्तर टक्के असते, आणि एव्हरेस्टच्या शिखरावर ती दोन पंचमांशांच्या घरात येते. या विरळ हवेचा फटका हेलिकॉप्टरला दोन्ही बाजूंनी बसतो. पात्यांना ढकलण्यासाठी हवा कमी असते, म्हणून लागणारी शक्ती वाढते; एंजिनाला ज्वलनासाठी हवा कमी मिळते, म्हणून उपलब्ध शक्ती घटते. खर्च वाढतो आणि उत्पन्न कमी होते, अशी ही अवस्था होय.

उष्णतेचा परिणाम उंचीसारखाच असतो, कारण तापलेली हवा प्रसरण पावून विरळ होते. लेहचे उदाहरण घेता येईल. तेथील विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. वातावरणाच्या प्रमाणित कोष्टकानुसार एवढ्या उंचीवर तापमान उणे ६ अंशांच्या आसपास असावयास हवे. उन्हाळ्यातील दुपारी ते २५ अंश सेल्सियस झाले, तर फरक सुमारे ३१ अंशांचा पडतो. एका अंशाला साधारण ३६ मीटर या हिशेबाने हेलिकॉप्टरच्या दृष्टीने ते ठिकाण आणखी अकराशे मीटर उंच होते. पाय लेहच्या जमिनीवर असतात, पण पाती ४,३०० मीटरहून अधिक उंचीच्या हवेत फिरत असतात. सकाळी जो भार घेऊन हेलिकॉप्टर सुखरूप निघाले, तोच भार घेऊन त्याला दुपारी त्याच जागेवरून निघता येत नाही, याचे कारण हेच. हिमालयातील उड्डाणे शक्यतो पहाटे आणि सकाळी उरकण्याचा जो परिपाठ आहे, त्यामागे दुपारच्या वाऱ्याप्रमाणेच या हिशेबाचाही भाग आहे.

एंजिनाकडून किती शक्ती घ्यावयाची यालाही बंधने असतात. टर्बाइन एंजिनात ती मुख्यत्वे तीन असतात: आतील वायूंचे तापमान, एंजिनाच्या मुख्य चक्राची गती, आणि एंजिनापासून रोटरपर्यंत शक्ती वाहून नेणाऱ्या दंतचक्रांना सोसवणारा पीळ. समुद्रसपाटीजवळ थंड हवेत बहुधा दंतचक्रांची मर्यादा आधी येते. उंचावर व उष्ण हवेत तापमानाची मर्यादा आधी गाठली जाते. म्हणजे वैमानिकाला एका भिंतीवर नव्हे, तर तीन भिंतींवर लक्ष ठेवावे लागते, आणि त्यांतील कोणती जवळ आहे हे दर तासाला बदलू शकते.

आपल्याकडे ज्याला ‘चीता’ म्हणून ओळखतात त्या हेलिकॉप्टरच्या रचनेत हा विचार स्पष्ट दिसतो. उंच पर्वतांवर वापरता येईल असे हेलिकॉप्टर भारतीय सशस्त्र दलांना हवे होते. त्या मागणीनुसार फ्रान्समध्ये ते तयार झाले. मार्च १९६९ मध्ये त्याने प्रथम उड्डाण केले, आणि पुढे बंगळूर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये परवान्यानुसार त्याचे उत्पादन होऊ लागले. त्याचे एंजिन मुळात ८७० अश्वशक्तीचे. परंतु त्याच्याकडून ५५० अश्वशक्तीच घ्यावयाची असे ठरविण्यात आले. वरकरणी हा अपव्यय वाटेल. प्रत्यक्षात ती राखीव गंगाजळी होती. उंचावर हवा विरळ होऊन एंजिनाची शक्ती घटली तरी ठरविलेला आकडा बऱ्याच उंचीपर्यंत कायम राहावा, ही त्यामागील योजना. १९६९ सालीच हिमालयातील प्रात्यक्षिकांत या यंत्राने एक वैमानिक व थोडे इंधन एवढ्याच भारासह ७,५०० मीटर उंचीवर उतरून पुन्हा उड्डाण केले. पुढे सियाचीनच्या ठाण्यांना त्याने वर्षानुवर्षे रसद पोहोचविली. पण तेथेही एका खेपेत नेता येणारा भार अगदी तुटपुंजाच राहिला. गंगाजळी मोठी असली तरी ती अमर्याद नसते.

चूक कशी घडते

आता प्रत्यक्ष चुकांकडे वळू. हेलिकॉप्टर चालविणाऱ्याच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो वर ओढला म्हणजे रोटरच्या सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर उठते. कोन वाढला की पात्यांना होणारा विरोधही वाढतो, आणि तो भरून काढण्यासाठी एंजिन अधिक शक्ती देते. जोपर्यंत एंजिनाकडे देण्यासारखे काही शिल्लक आहे तोपर्यंत सारे ठीक चालते. ज्या क्षणी शिल्लक संपते, त्या क्षणी दांडा वर ओढण्याचा अर्थ उलटा होतो. विरोध वाढतो, शक्ती वाढत नाही, आणि रोटरची गती मंदावू लागते. उचल ही गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गती दहा टक्क्यांनी घटली, तर पात्यांचा कोन तोच राहिला असता उचल सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटते. हेलिकॉप्टर खाली बसू लागते. वैमानिकाचा हात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, दांडा आणखी वर ओढतो. गती आणखी मंदावते.

एवढ्यावरच हे थांबत नाही. शेपटीवरील लहान रोटर मुख्य रोटरला दंतचक्रांनी जोडलेला असतो. त्याचे काम हेलिकॉप्टरला स्वतःभोवती गरगर फिरू न देणे. मुख्य रोटर मंदावला की हाही मंदावतो आणि त्याचा जोर कमी पडतो. नेमक्या याच वेळी एंजिन पूर्ण जोरात असल्याने त्याच्यावरची मागणी सर्वाधिक असते. परिणामी यंत्र खाली येता येता फिरू लागते. यावरचा उपाय प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला सांगितलेला असतो: दांडा थोडा खाली सोडावा, म्हणजे रोटरची गती परत येते. परंतु दांडा खाली सोडणे म्हणजे आधीच खाली येत असलेल्या यंत्राला आणखी खाली येऊ देणे. त्यासाठी पायाखाली उंची असावी लागते, आणि मनाला आपल्या सहज प्रवृत्तीच्या विरुद्ध वागावे लागते. झाडांच्या शेंड्यांपाशी या दोहोंचीही टंचाई असते.

दुसरी चूक वाऱ्यासंबंधीची. ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला सामोरे स्थिर उभे असलेले हेलिकॉप्टर हवेच्या दृष्टीने पुढे जातच असते. म्हणून त्याला कमी शक्ती पुरते. वैमानिकाच्या समोरील काटा समाधानकारक शिल्लक दाखवितो. पण ही शिल्लक यंत्राची नसते, वाऱ्याने उसनी दिलेली असते. वारा पडला, डोंगराच्या आडोशाला गेल्यावर त्याने दिशा बदलली, किंवा वैमानिकाने वळून वारा पाठीशी घेतला, म्हणजे हे उसने एकदम परत मागितले जाते. पर्वतांत वाऱ्याचे भान हा कौशल्याचा अलंकार नव्हे, तो हिशेबाचाच एक आकडा आहे.

तिसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तिच्यात शक्ती असूनही उपयोगी पडत नाही. हेलिकॉप्टर फार कमी वेगाने पुढे जात असता मिनिटाला सुमारे ९० मीटरहून अधिक गतीने सरळ खाली उतरू लागले, तर ते स्वतःच खाली लोटलेल्या हवेत शिरते. ती हवा पात्यांच्या टोकांभोवती वर येऊन पुन्हा पात्यांतून खाली जाऊ लागते, आणि रोटरभोवती कंकणाकृती भोवरा तयार होतो. अशा वेळी शक्ती वाढविली तर भोवरा बळावतो आणि उतरण्याचा वेग वाढतो. पूर्वापार शिकविला जाणारा मार्ग म्हणजे पुढे झुकून वेग घेणे व दांडा खाली सोडणे. अलीकडच्या काळात स्वित्झर्लंडचे वैमानिक क्लोद व्हुइशार यांच्या नावाने ओळखली जाणारी, बाजूला सरकत भोवऱ्याबाहेर पडण्याची पद्धतही शिकविली जाते. तिच्यात उंची कमी खर्च होते. मे २०११ मध्ये पाकिस्तानातील अबोटाबाद येथे अमेरिकन सैन्याने घातलेल्या छाप्यात एक हेलिकॉप्टर आवारात आदळले, त्याचे कारणही असेच असल्याचे नंतरच्या वृत्तांतांत सांगण्यात आले. सरावासाठी उभारलेल्या प्रतिकृतीभोवती जाळीचे कुंपण होते, आणि त्यातून हवा निघून जात असे. प्रत्यक्ष जागेभोवती भक्कम उंच भिंती होत्या. रात्रही अपेक्षेहून उष्ण होती. सराव भरपूर झाला होता. तो वेगळ्या हवेत झाला होता, एवढेच.

चौथा प्रकार म्हणजे शक्ती शिल्लक असताना ती वेळेवर न मागणे. २३ ऑगस्ट २०१३ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांवरील संबरा विमानतळाकडे एक सुपर प्यूमा हेलिकॉप्टर ढगांतून उतरत होते. उतरण्याचा मार्ग स्वयंचलित यंत्रणा सांभाळीत होती. शक्तीचा दांडा मात्र वैमानिकाच्या हाती होता. दिलेली शक्ती त्या मार्गासाठी अपुरी होती. यंत्रणेने मार्ग राखला, आणि त्यासाठी वेग खर्ची घातला. वेग हळूहळू घटत गेला, आणि काट्यांकडे पुरेसे लक्ष नसल्याने ही घट वेळीच ध्यानात आली नाही. ती उमगली तेव्हा यंत्र सावरण्याच्या पलीकडे गेले होते. ते समुद्रात कोसळले. १८ जणांपैकी ४ प्रवासी मृत्युमुखी पडले. येथे यंत्र दुर्बळ नव्हते. त्याच्याकडे मागणी पोहोचली ती उशिरा.

कागदावर झालेली चूक

या साऱ्या चुका हातांच्या आणि डोळ्यांच्या झाल्या. परंतु शक्तीविषयीची सर्वांत घातक चूक पुष्कळदा जमिनीवर, कागदावर होते.

प्रत्येक हेलिकॉप्टरबरोबर त्याच्या क्षमतेची कोष्टके व आलेख दिलेले असतात. अमुक उंची, अमुक तापमान, यांत किती वजन घेऊन जमिनीच्या आधाराने उभे राहता येईल आणि किती वजन घेऊन त्या आधाराविना, हे त्यांवरून काढता येते. वैमानिक निघण्यापूर्वी हा हिशेब करतो. हिशेब बरोबर येण्यासाठी दोन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात: यंत्राचे वजन आणि आलेख.

ऑगस्ट २००८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील ट्रिनिटी परगण्यात मोठा वणवा पेटला होता. वणवा विझविणाऱ्या जवानांना सुमारे १,८०० मीटर उंचीवरील एका डोंगरी मोकळ्या जागेवरून परत आणण्याचे काम सिकोर्स्की एस-६१ जातीच्या हेलिकॉप्टरकडे सोपविले होते. ५ ऑगस्टच्या सायंकाळी त्याने त्या जागेवरून दोन खेपा केल्या, इंधन भरले आणि तिसऱ्या खेपेसाठी ते परत आले. यंत्रात १३ जण होते. ते जागेवरून उठले, पुढे सरकले, पण उंची घेऊ शकले नाही. झाडांना धडकून ते कोसळले आणि पेटले. ९ जण ठार झाले. त्यांत ७ अग्निशामक जवान होते. चौघे गंभीर जखमी होऊन वाचले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने दोन वर्षांहून अधिक काळ चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला की हेलिकॉप्टर चालविणाऱ्या कंपनीने कंत्राटासाठी दिलेल्या कागदपत्रांत यंत्राचे रिकामे वजन हेतुपुरस्सर कमी दाखविले होते, आणि शक्तीचा आलेख बदलून यंत्राची क्षमता प्रत्यक्षाहून अधिक भासविली होती. देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणांनाही हे दिसावयास हवे होते, परंतु दिसले नाही. वैमानिकांनी केलेली बेरीज-वजाबाकी बिनचूक असूनही तिचे उत्तर चुकीचे होते, कारण तिच्यात घातलेले आकडेच खोटे होते. कंपनीच्या एका माजी उपाध्यक्षाला २०१५ साली न्यायालयाने बारा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा दिली.

मग येथे वैमानिकाची चूक नव्हतीच काय? मंडळाने तेही तपासले, आणि त्याचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. त्याच जागेवरून केलेल्या आधीच्या दोन उड्डाणांतही यंत्र आपल्या कमाल क्षमतेपाशी पोहोचले होते. म्हणजे कागदाने जी शिल्लक सांगितली होती ती प्रत्यक्षात दिसत नव्हती. ही विसंगती थांबून विचार करावा अशी होती. वैमानिक थांबले नाहीत, कारण यंत्राच्या मर्यादेपाशी काम करण्याची त्यांना सवय झाली होती. अहवालाने हे अपघाताला साहाय्यभूत झालेले कारण म्हणून नोंदविले, मूळ कारण म्हणून नव्हे. ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत हा भेद मावत नाही. तो लक्षात घेतला नाही, तर ज्यांनी खोटे आकडे पुरविले ते मोकळे सुटतात आणि ज्याने ते विश्वासाने वापरले तोच दोषी ठरतो. उलटपक्षी, सारा दोष कागदाचा मानला, तर यंत्र स्वतः जे सांगत होते ते ऐकण्याची वैमानिकाची जबाबदारी नाहीशी होते. दोन्ही निष्कर्ष सारखेच धोक्याचे आहेत.

येथे सवयीचे सामर्थ्य ध्यानात घेतले पाहिजे. काठावरून एकदा सुखरूप गेलेला मनुष्य दुसऱ्यांदा काठाला काठ मानीत नाही. प्रत्येक यशस्वी खेप पुढच्या खेपेची हमी वाटू लागते. पण मधल्या वेळात इंधन भरलेले असते, वारा पडलेला असतो, एखादा प्रवासी वाढलेला असतो. काल पुरलेली शक्ती आज पुरेलच असे मानण्यास यंत्रशास्त्रात आधार नाही.

मर्यादेशी सचोटी

मर्यादा ओळखणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. मर्यादेच्या अगदी टोकापर्यंत ज्यांनी यंत्र नेले, त्यांच्या हकीगतीच हे सांगतात. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक झाँ बूले यांनी ‘चीता’च्याच मूळ फ्रेंच आवृत्तीचे, लामाचे, वजन शक्य तितके उतरवून ते १२,४४२ मीटर उंचीवर नेले. परतीच्या सुरुवातीस एंजिन विझले. एंजिनाविना, केवळ खालून येणाऱ्या हवेने रोटर फिरता ठेवून ते जमिनीवर सुखरूप उतरले. १४ मे २००५ रोजी दिदिए देल्साल यांनी एव्हरेस्टच्या शिखरावर हेलिकॉप्टर टेकविले. तेही एकट्याने, यंत्रातील अनावश्यक सामान काढून आणि डोंगरावरून वर चढणाऱ्या वाऱ्याचा विचारपूर्वक उपयोग करून. या दोन्ही पराक्रमांत धाडसाइतकाच वजाबाकीचा भाग होता.

त्याहूनही उद्बोधक घटना मे १९९६ मधील आहे. एव्हरेस्टवरील वादळात सापडलेले अमेरिकन गिर्यारोहक बेक वेदर्स आणि तैवानचे मकालू गाऊ हे दोघे हिमदंशाने जर्जर होऊन खुंबू हिमप्रपाताच्या वर, सुमारे सहा हजार मीटर उंचीवर आणले गेले होते. नेपाळी सेनेचे लेफ्टनंट कर्नल मदन खत्री छेत्री हेलिकॉप्टर घेऊन तेथे उतरले. त्या हवेत दोघांना एकदम उचलणे त्यांच्या यंत्राला शक्य नव्हते. त्यांनी एकालाच घेता येईल असे सांगितले. वेदर्स यांनी आपली जागा गाऊंना दिली. दुसऱ्या खेपेची खात्री कोणालाच नव्हती. मदन गाऊंना खाली सोडून पुन्हा वर आले आणि वेदर्स यांनाही घेऊन गेले.

त्या बर्फावर दोन मरणोन्मुख माणसे समोर असता ‘एकच’ हा शब्द उच्चारणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करता येईल. करुणा दोघांना घ्या असे म्हणते. परंतु करुणेने एंजिनाची शक्ती वाढत नाही. दोघांना घेतले असते तर कदाचित तिघेही गेले असते. हिशेबाशी राखलेल्या सचोटीनेच तेथे दयेचे कार्य केले, आणि धाडसाला त्याचे योग्य स्थान मिळाले ते दुसऱ्या खेपेत.

म्हणून वैमानिकांच्या शिक्षणात काही साध्या नियमांवर भर दिला जातो. उतरण्यापूर्वी, उंचीवर असतानाच, यंत्राकडे किती शक्ती शिल्लक आहे ते पाहून घ्यावे. आधाराविना उभे राहण्याइतकी शक्ती नसेल तर अडचणीच्या जागी शिरू नये. माघारीची वाट आधी ठरवावी, मग पुढे जावे. आलेखातील आकडा हा नव्या, निरोगी यंत्राचा असतो. म्हणून त्याच्या आत काही शिल्लक राखावी. आणि दोन वैमानिक असतील तर एकाने बाहेर पाहावे, दुसऱ्याने काट्यांकडे. शंका आल्यास ती मोठ्याने बोलून दाखवावी.

परंतु काही नियम वैमानिकाच्या पलीकडच्या लोकांसाठीही आहेत. केदारनाथला साडेतीन हजार मीटर उंचीवर हेलिकॉप्टरने जाणाऱ्या यात्रेकरूंचे निघण्यापूर्वी वजन केले जाते. कित्येकांना ते कमीपणाचे वाटते. काही जण आपल्या पिशवीचे ओझे लपवितात. पूरग्रस्त भागात सुटकेची वाट पाहणारे लोक आणखी एकाला घ्या असा आग्रह धरतात. वरिष्ठ अधिकारी आजच खेप व्हावी असे सांगतात, कंत्राटदार खेपांची संख्या मोजतात. या प्रत्येकाच्या हातून वैमानिकाच्या हिशेबात एकेक आकडा भरला जात असतो, आणि तो खरा असेल की खोटा हे त्या त्या व्यक्तीवर अवलंबून असते. जो वैमानिक ‘एवढेच, याहून अधिक नाही’ असे म्हणतो त्याच्यावर रागावण्यापूर्वी, त्याने हे न म्हणण्याचा पर्याय काय आहे याचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा. पुढील अहवालातील ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द टाळण्याचे काम एकट्या वैमानिकाचे नाही. त्याचा आरंभ जमिनीवर, वजनकाट्यापाशी होतो.